ड्रॉवरमधली पुली

"माने, परत ओरडायला लागली बघा," रणपिसे काका व्हॅनच्या खिडकीतून म्हणाले. शनिवार होता, सकाळचे साडेदहा. मला आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी इंजिन चालूच ठेवलं होतं. खरं तर तो मला गेटच्या बाहेरूनच ऐकू आला होता. चिर्र, चिर्र, चिर्र, आणि त्याखाली बारीक खरखर.

"बघतो काका. इंजिन बंद करा."

हा त्यांचा चौथा शनिवार. आवाज कुठून येतो हे मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. तो बंद करणारा पार्ट दुसऱ्या शनिवारच्या आधीच माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये येऊन पडला होता. हे आत्ताच सांगून टाकतो. पुढे सांगेन म्हटलं तर पुन्हा टाळेन.

मी फरीदाबादमधल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. मूळचा विट्याचा. चोवीस वर्षं झाली इथे. वर्कशॉपमध्ये दिवसभर हिंदी, नाहीतर हरियाणवी. बायको सासूबाईंच्या आजारपणात विट्याला गेली ती तिकडेच राहिली. भांडण वगैरे काही नाही. आधी ती विचारायची, "येऊ का?" मी म्हणायचो, "तुझं तिकडचं बघ." मग मी विचारायचो, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बघू." नंतर दोघांनीही विचारणं सोडलं. मुलगा हैदराबादला. फोन रविवारी येतो, चार मिनिटांचा. चारच मिनिटं का, तर तेवढ्यात आमचं बोलणं संपतं.

आता त्या आवाजाबद्दल. इंजिनच्या पुढच्या बाजूला रबराचा एक लांब बेल्ट असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो आणि जाता जाता चार कामं करतो. बॅटरी चार्ज करतो, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप चालवतो, एसी चालवतो आणि स्टिअरिंग हलकं ठेवतो. या वाटेवर एक छोटी चकती असते, तिला आयडलर पुली म्हणतात. ती स्वतः काहीच चालवत नाही. बेल्ट तिच्यावरून वळतो, एवढंच तिचं काम. पण ती अडकली तर बेल्ट तुटतो आणि चारही कामं एका क्षणात बंद.

गाडी ओरडली की लोक बेल्ट बदलतात. नव्वद टक्के मेकॅनिकही तेच करतात. आधी चालू बेल्टवर थोडं पाणी मारून बघायचं असतं. आवाज बदलला तर दोष बेल्टचा, नाही बदलला तर दुसऱ्या कुणाचा. पहिल्या शनिवारी रणपिसे काकांच्या गाडीत तो बदलला नाही. मग मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याची मूठ कानाला लावायची आणि टोक एकेका भागावर टेकवायचं, डॉक्टर छाती तपासतो तसं. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गप्प. पाण्याचा पंप गप्प. आयडलर पुलीच्या बोल्टवर टोक टेकवलं आणि कानात जणू कुणी वाळू ओतली.

खात्री करायला बेल्ट काढला आणि पुली हाताने फिरवली. चांगली पुली दोन चकरांत थांबते, आतलं ग्रीस तिला धरून ठेवतं. ही फिरतच राहिली, मोकळी, खडखडत. ग्रीस वाळून गेलं होतं. या सगळ्याला वीस मिनिटं लागली.

"पार्ट मागवावा लागेल काका," मी सांगितलं. "जुनं मॉडेल आहे. आठवडा तरी जाईल." तोपर्यंत हे खरं होतं.

"तोवर चालेल?"

"आज तेल भरून देतो."

पुलीच्या बेअरिंगवर धुळीसाठी एक पातळ झाकण असतं. त्याच्या कडेतून इंजेक्शनच्या सिरिंजने थोडं तेल आत सोडलं की आवाज आठ-दहा दिवस जातो. हा इलाज नव्हे. आलेल्या पाहुण्याला जेवण होईपर्यंत बसवून ठेवावं, तसं आहे ते.

ते काम चालू असताना मागच्या सरकत्या दारातून आवाज आला, "अहो, हे मराठी बोलतायत!"

त्या विमल काकू. गुडघे आणि कंबर दोन्ही गेलेले, व्हीलचेअरवर असायच्या. म्हणूनच ही व्हॅन. दार सरकवलं की लाकडी फळी लावून खुर्ची सरळ आत जाते. दुसऱ्या कुठल्याच गाडीत त्यांना बसता येत नव्हतं. काका केंद्र सरकारच्या सर्व्हे खात्यातून रिटायर झालेले. दोघं नगरचे. गाडी साडेचौदा वर्षांची होती आणि पंधरा झाल्यावर पेट्रोल गाडीला दिल्लीच्या पट्ट्यात रस्ता बंद. काकांनी एनओसीला अर्ज केला होता. गाडी नगरला न्यायची, तिथे नोंदवायची आणि आपणही कायमचं तिकडेच राहायचं, असं ठरलेलं.

"आमची गाडी ठणठणीत झाली की निघालोच," काकू म्हणाल्या. "हे म्हणतात, ओरडणाऱ्या गाडीने तेराशे किलोमीटर जायचं नाही. चाळीस वर्षं माझं ओरडणं चाललं, ते बरं चाललं!"

काका हसले, मीही हसलो. वर्कशॉपमध्ये मी मराठीत शेवटचा कधी हसलो होतो, ते आठवेना.

दुसऱ्या शनिवारी त्या डबा घेऊन आल्या. हुलग्याची शेंगोळी. हुलगे नगरहून आलेले. मी तिथेच, स्टुलावर बसून, हात नीट न धुता खाल्ली.

"अजून देऊ?"

"बिल्कुल," मी म्हणालो.

"बिल्कुल काय? हो म्हणा की! तुमची मराठी पार हिंदीच्या तेलात तळून निघालीय माने."

काका म्हणाले, "पार्ट आला का?"

पुली गुरुवारी आली होती. माझ्या मागे, हाताच्या अंतरावर, ड्रॉवरमध्ये होती. ती बसवायला चाळीस मिनिटं लागली असती. मग त्यांनी हात हलवला असता आणि गाडी मथुरा रोडला लागली असती.

"नाही ना काका," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात नक्की."

आणि सिरिंज घेतली.

मी काही ठरवून बोललो, असं म्हणता येणार नाही. तोंडून निघून गेलं. पण तिसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ते तोंडून निघून गेलं नव्हतं. तेव्हा मी शुक्रवारीच स्टूल पुसून ठेवलं होतं.

आमचे मालक बात्राजी दुकानदार माणूस, त्यांना प्रत्येक उभी गाडी दिसते. पाचव्या शनिवारी ते म्हणाले, "माने जी, ये बुढ़ऊ की वैन हर हफ़्ते क्यों आती है? ससुराल है क्या इसका?"

"पार्ट नहीं आया, सर."

"तो मुझे बोलो ना यार, मैं मँगवाता हूँ."

"आ जाएगा, सर."

तेलाचा हा खेळ किती दिवस चालतो, हे मला ठाऊक होतं. तेल आत जातं तसं उरलंसुरलं ग्रीस धुऊनही नेतं. पहिल्यांदा आवाज दहा दिवस गेला होता, चौथ्यांदा चारच दिवस. त्याचा अर्थ मी एखाद्या नव्या पोराला वर्गात समजावून सांगितला असता. त्या शनिवारी काकूंना सांगत होतो, की विट्यात आमच्या घरासमोर भुईमुगाच्या शेंगा वाळत घालायचे आणि त्या राखायचं काम माझ्याकडे असायचं. त्या म्हणाल्या, "मग किती खाल्ल्या, ते सांगा." मी सांगितलं. काका घड्याळाकडे बघत होते. सामानाची बांधाबांध निम्मी झाली होती आणि ते गाडीसाठी अडले होते. मला ते दिसत होतं.

गाडी बंद पडली ती त्यानंतरच्या बुधवारी.

दुपारी अडीचला फोन आला. फिजिओथेरपीहून परत येताना बदरपूरच्या पुढे आधी एक किंकाळीसारखा आवाज झाला, मग काहीतरी फटकन तुटलं. काकांना यू-टर्न घ्यायचा होता आणि अर्ध्या वळणात स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. बहात्तर वर्षांच्या हातांना ते वळेना. व्हॅन दुभाजकाला घासत गेली आणि थांबली. घासली ती सरकत्या दाराची बाजू. दार जाम झालं.

मे महिना होता. एसी बंद, इंजिन उकळलेलं. मधल्या खिडक्या चार बोटं सरकायच्या. काकू आत, खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली. पुढच्या सीटवरून त्यांना बाहेर काढणं शक्य नव्हतं. टेम्पोवाल्या दोघांनी पहार घालून दार उचकटेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तोवर काकूंची शुद्ध हरपली होती.

हे सगळं मला काकांनी हॉस्पिटलमधून सांगितलं. उलट मला धीर तेच देत होते. "तुमचा दोष नाही माने. पार्टच मिळत नव्हता, त्याला तुम्ही काय करणार? आता गाडी तेवढी आणून घ्या."

फोन ठेवला आणि ड्रॉवर उघडला. पुलीचं खोकं अजून सीलबंद होतं.

गाडी टो करून आणली. पुलीचं बेअरिंग जळून निळं पडलं होतं, बेल्टच्या चिंध्या पंख्यात गुंडाळलेल्या. नवी पुली, नवा बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, दाराची रेल, सगळं मी एकट्याने बसवलं. कुणाला हात लावू दिला नाही. बात्राजी शेजारी येऊन उभे राहिले.

"आ गया पार्ट?"

"आया हुआ था, सर."

"कब से?"

मी सांगितलं. का, तेही सांगितलं, जेवढं हिंदीत सांगता आलं तेवढं.  ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "किसी को बोलना मत. माताजी ठीक हैं ना? बस. गाड़ी दो, बात ख़तम."

माताजी ठीक होत्या. दोन दिवस सलाईनवर राहून घरी आल्या होत्या. बात्राजींचा सल्ला व्यवहाराचा होता. मी तो ऐकणारही होतो.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी काका एकटेच गाडी न्यायला आले. मी इंजिन चालू करून दाखवलं. बेल्ट आहे हेही कळत नव्हतं, इतका गुपचूप फिरत होता. काका कान लावून उभे राहिले. "वा," म्हणाले. "हा पार्ट आधी मिळाला असता तर!"

मी इंजिन बंद केलं.

"काका, पार्ट होता. पाच आठवडे होता. या ड्रॉवरमध्ये."

त्यांना आधी कळलंच नाही. "म्हणजे? चुकून राहिला?"

"नाही. मी मुद्दाम बसवला नाही. बसवला असता तर तुम्ही गेला असतात. तुम्ही दोघं यायचात, मराठीत बोलणं व्हायचं... मला दुसरं कुणी नाही इथे."

हे वाक्य मनात असताना बरं वाटलं होतं. बाहेर पडल्यावर ते किती लहान आहे, ते दिसलं.

काका स्टुलावर बसले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, ओरडतील. मला ते हवं होतं.

"पहिल्या दिवशी तुमच्या त्या कार्डावर काय काय लिहून घेतलंत माझ्याकडून?" त्यांनी विचारलं.

"नाव, गाडी नंबर, तक्रार..."

"आणि पत्ता."

"हो."

"इथून तीन किलोमीटर आहे. बोलायचंच होतं तर घरी यायचं. विमलने रोज जेवायला घातलं असतं."

 ते उठले, गाडीत बसले आणि शेजारच्या सीटवरून स्टीलचा डबा उचलून खिडकीतून पुढे केला.

"हा तिने दिलाय. तिला यातलं काही माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. डबा तिचा आहे, माझा नाही. एवढं लक्षात ठेवून खा."

गाडी गेटमधून बाहेर पडली. कसलाच आवाज आला नाही.

डब्यात शेंगोळीच होती. मी ती संपवली, दोन वेळा पुरवून. डबा घासला. झाकणावर टोच्याने नाव घातलेलं, वि. म. रणपिसे. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून साखर भरली आणि रविवारी सकाळी जॉबकार्डवरचा पत्ता खिशात घालून निघालो. स्कूटरने सात मिनिटं लागली. तळमजला, दाराशी खुर्चीसाठी सिमेंटचा उतार केलेला. दाराला कुलूप.

शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. "वो लोग तो कल सुबह ही निकल गए, भैया. आप कौन?"

"मैकेनिक," मी म्हणालो.

"अच्छा, वही! आंटी बहुत नाम लेती थीं आपका."

काकांचा नंबर माझ्याकडे आहे. अजून लावलेला नाही. गाडी नगरला पोहोचली असणार. माझ्या कामात तरी शेवटी खोट नव्हती.

गाडी कुरकुरली तर आधी पाणी मारून बघा, लगेच बेल्ट बदलू नका. आणि मेकॅनिक "पार्ट आला नाही" म्हणाला, तर त्याचा ड्रॉवर उघडून दाखवायला सांगा. माझ्या ड्रॉवरमध्ये सध्या साखरेचा डबा आहे. जॉबकार्डवरचे पत्ते मी भरून घेतोच, आता वाचतोही. मराठी आडनाव पुन्हा आलेलं नाही.