मॅडम आणि फुलवाली आच्ची

आमच्या मॅडम दुसऱ्याचा दात काढताना स्वतःही आ करायच्या. रुग्णाचं तोंड जेवढं उघडं, तेवढंच मास्कच्या आत त्यांचं. दात निघाला की दोघंही एकदमच तोंड मिटायची. सेलूच्या एसटी स्टँडसमोरच्या त्यांच्या दवाखान्यात मी नवी डेंटिस्ट म्हणून लागले, तेव्हा हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची. पुढे एकदा बाहेरच्या बाकावरून आवाज आला, "पाय ना बे, दोघी बी आ करून राह्यल्या!" मीही आ करते, याचा मला तोवर पत्ताच नव्हता.

मॅडम मूळच्या पवनारच्या. समुद्रपूरला सरकारी नोकरी झाली, निवृत्तीनंतर हा दवाखाना टाकला. त्यांना माणूस चेहऱ्यावरून आठवायचा नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी नमस्कार केला की बुचकळ्यात पडायच्या, मग तो हसला की ओरडायच्या, "अरे, तू तं डाव्या बाजूची अक्कलदाढ!" सुपारी-तंबाखूचा खर्रा हा त्यांचा जन्माचा वैरी. लाल दात दिसले की ओळख असो नसो, तिथल्या तिथे हजेरी घ्यायच्या.

नागपुरात शिकून गेलेले श्रीलंकेचे एक भन्ते कधीकाळी त्यांचे रुग्ण होते. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. आमच्या गावात दातांचा डॉक्टर नाही, विहारात शिबिर घ्याल का, परवानगीचं मी बघतो. मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "चाल वं, पासपोर्ट काढ." साठी उलटलेली ही बाई त्यानंतर शाळेची सहल निघाल्यासारखी वागायला लागली. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला बातमी. बिचाऱ्याच्या तोंडात आरसा, आणि ह्या सांगतायत, "मी श्रीलंकेले चालली, मालूम हाय?" तो काय बोलणार!

विमानात चढायच्या आधीच घोटाळा झाला. मोठी बॅग हरवली तर काय घ्या, म्हणून दात काढायचे चिमटे त्यांनी हातातल्या पिशवीत, जवसाच्या चटणीच्या डब्याखाली ठेवले होते. नागपूर विमानतळावर तपासणीत ते दिसले. तपासणारा म्हणाला, हे वर नेता येणार नाही. तो बोलत होता आणि मॅडम त्याच्या दातांकडे बघत होत्या. "काऊन जी, खर्रा खाता ना?" त्याने ओठांवर हात नेला. "सोडा तो. नाई तं हेच चिमटे घेऊन येतो मी वापस." मागची रांग खो खो हसली. चिमटे शेवटी सामानातच गेले, आणि कोलंबोत बॅग हाती येईपर्यंत मॅडमच्या जिवात जीव नव्हता.

विहाराच्या अंगणात, चाफ्याच्या झाडाखाली आम्ही खुर्च्या मांडल्या. काय ती गर्दी, काय तो उत्साह! लोक पहाटेपासून येऊन बसायचे. मॅडम सगळ्यांशी खुशाल वऱ्हाडीत बोलायच्या, लोक सिंहलीत उत्तरं द्यायचे, आणि दोन्ही बाजूंचं समाधान व्हायचं. अडलंच तर भन्ते होतेच.

विहाराच्या दारात कमळं विकणारी एक म्हातारी होती. तिकडे आजीला आच्ची म्हणतात. सगळे तिला तेच म्हणायचे, आम्हीही. पहिल्या दिवशी तिचा गाल सुजून डोळा झाकला होता. मॅडमनी गोळ्या दिल्या, सूज उतरली. पण खालची दाढ मुळापर्यंत सडलेली. ती राहिली तर सूज परत येणार, गळ्यात उतरली तर जिवावर बेतणार, आणि गावात पुन्हा डॉक्टर येणार वर्षाने. आच्ची रोज रांगेत बसायची आणि नंबर आला की उठून शेवटी जाऊन बसायची. "काऊन पळतं वं माय?" मॅडम विचारायच्या. आच्ची तोंडावर पदर घ्यायची.

शेवटच्या दिवशी भन्तेंनी तिला समजावून खुर्चीत बसवलं. सुई दिसताच तिने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी. मॅडमनी सुई बाजूला ठेवली, स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात त्रिशरण, पंचशील म्हणायला लागल्या. सेलूत घाबरलेल्या पेशंटपुढे त्या हेच करायच्या. पण हे सेलू नव्हतं. अंगणातला एकूण एक माणूस हात जोडून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणायला लागला. चाल जरा वेगळी, पाली शब्द तेच. ज्यांचे दात नुकतेच काढले होते, त्यांनीही तोंडातले कापसाचे बोळे थुंकून सूर धरला! थांबलेलं रक्त पुन्हा सुरू. मी कापूस घेऊन या तोंडाकडून त्या तोंडाकडे धावतेय आणि मॅडम पंचशील अर्धवट टाकून ओरडतायत, "अवं, कापूस धरा! कापूस! मंग म्हणजा!"

आच्ची हे बघत होती. आधी खांदे हलले, मग ती खदाखदा हसली. मॅडमचा हात धरून तिने काहीतरी विचारलं. भन्ते म्हणाले, "पूछ रही हैं, हमारी वंदना आपको कैसे आती है?"

"तुमची?" मॅडम कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सांगा तिले, आमची हाय. मायी माय मले मांडीवर घेऊन म्हणे."

भन्तेंनी सांगितलं. आच्ची मॅडमकडे बघत राहिली. मग मागे टेकली, माझं मनगट पकडलं आणि तोंड उघडलं. सुई टोचून झाली. दाढ हट्टी होती, पण मॅडमचा हात लागला आणि निघाली. अंगणात टाळ्या पडल्या. मॅडम नाचायच्याच बाकी होत्या.

या वर्षी परत जायचं ठरलं होतं. थंडीत मॅडम गेल्या. सकाळी दवाखान्याचं कुलूप उघडता उघडता छातीत कळ आली, एवढंच. मला त्यांचा अजून राग येतो, आणि कुठेही खळखळून हसणारं कोणी दिसलं की रडू येतं. शिबिराला मी एकटीच गेले.

विहाराच्या दारात आच्ची उभी होती. सोबत तिने स्वतः गोळा करून आणलेल्या बायका, सगळ्या भेदरलेल्या. तिने माझ्या मागे गाडीत वाकून बघितलं. भन्तेंनी तिला सांगितलं. ती पायरीवर बसली आणि रडली. मीही तिच्या शेजारी बसून रडले.

मग ती उठली. कमळांची टोपली बाजूला सारली, माझ्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली आणि पहिल्या बाईचा हात हातात घेतला. ती बाई माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. आच्चीने तिला ठणकावून उत्तर दिलं. मी भन्तेंना विचारलं, काय झालं?

"वो बोली, यह लड़की तो बहुत छोटी है. आच्ची ने कहा, डरो मत, उसी डॉक्टर की बेटी है."

भन्ते तिची चूक सुधारायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या.