सारखे आटे, वेगळे ब्रेक

माझ्या मेहुण्याने घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. चाकं आणि ड्रम ब्रेक स्कूटरचे, लिव्हर एकच, पण प्रत्येक चाकाला वेगळी केबल. दोन्ही ब्रेक सारखे लागले नाहीत तर विमान गर्रकन वळून पंख जमिनीवर आपटणार. मी मोजमापात पक्का, म्हणून जुळवणी माझ्याकडे आली. मी केबल ताणणाऱ्या दोन्ही नटांना मोजून सात-सात आटे दिले.

मेहुण्याने मैदानात हळू चालवून ब्रेक दाबला, तर विमान डावीकडे वळलं.

"भाऊजी, हे काहून वळून राहिलं?" मेहुणा ओरडला.

"आटे सारखेच आहेत," मी म्हणालो.

"ब्रेक चाकाले लागते, आट्याले नाही!" बायको हसली. "भलतंच मोजलं तुम्ही."

खरंच होतं. उजवी केबल वळणं घेत जात होती, त्यामुळे तिची ओढ वाटेतच जिरत होती. शेजारच्या मास्तरांचा ताणकाटा आणला, चाकं विटांवर उचलली आणि लिव्हर दाबून बांधून काट्याने प्रत्येक टायर ओढून पाहिला. डावा नऊ किलोला फिरला, उजवा पाचलाच. उजवीकडे अडीच आटे वाढवल्यावर दोन्ही नऊवर आले.

पुढच्या फेरीत विमान सरळ थांबलं. मेहुणा उतरलाच नाही.

"बाजूले व्हा भाऊजी, आता जोरात घेतो!"

मी लगबगीने बाजूला झालो.