काकांचा उतरलेला आवाज

आमच्या शेजारच्या काकांइतका मोठा आवाज साऱ्या देवळी तालुक्यात कोणाचा नसेल. बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. त्यांनी पुलगावची गाडी पुकारली की वर्ध्याला जाणारी माणसंही दचकून तीत जाऊन बसत. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरी आला, आणि काकांनी चहा मागितला की आमच्याकडेही आधण चढू लागलं.

मग काकूंनी बाजारातून भाजीच्या पिशवीत घालून कुत्र्याचं एक भित्रं पिल्लू आणलं. काकांनी प्रेमानं "ये बाळा" म्हटलं, तसं ते दिवाणाखाली शिरलं आणि बाहेर येईना. तिथंच खाणं, तिथंच बाकीचं सगळं.

"मी तं लाडानं बोललो," काका मला म्हणाले. "थे काऊन भिऊन राह्यलं?"



दुसऱ्या दिवसापासून काका कुजबुजू लागले. आधी पिल्लाशी, मग सगळ्यांशीच. घरात कोणी आजारी आहे का, अशी दूधवाल्यानं माझ्याकडे चौकशी केली. मलाही तीच शंका होती. पिल्लाचं खाणं झालं की काका त्याला अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवत आणि पाठ फिरवून उभे राहत. "त्याले लाज वाटत असंन." पिल्लू त्यांच्या पाठीकडे बघत बसे आणि घरात शिरल्याबरोबर दिवाणापाशी कार्यक्रम उरके. काका मुकाट्यानं फडकं आणत. शेवटी एकदाचं ते अंगणात जमलं, तेव्हा काका मला सांगायला धावत आले. पण इतकं हळू बोलले की काय झालं ते मला काकूंना विचारावं लागलं.

पट्ट्याचंही तसंच. आधी मऊ दोरी बांधून पिल्लाला घरभर नुसतं फिरू दिलं. मग टोक हातात घेतलं, पण ओढायचं नाही. पिल्लू रस्त्यात बसलं की काकाही बसत आणि त्याच्याशी कुजबुजत. दारातून बघत काकू एकदा म्हणाल्या, "माह्याशी असे बोलले असते तं..."

परवा संध्याकाळी मी त्यांच्यासोबत होते. कोपऱ्यावर मागून ऑटोचा हॉर्न वाजला आणि पिल्लू काकांच्या पायात शिरलं. आता ऑटोवाल्याचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण काका तिथंच मातीत बसले आणि त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

"भेव लागलं का तुले?" ते म्हणाले. "मलेही लागते. मी कोणाले सांगत नाई."

हे मी ऐकायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पिल्लाची थरथर थांबायला बराच वेळ लागला. मग ते उठलं आणि घराच्या उलट दिशेनं चालू लागलं. काकांनी दोरी सैल सोडली आणि ते त्याच्या मागोमाग गेले.