तळघरातलं करवतीचं मशीन

घरच्या सुतारकामासाठी करवतीचं मोठं मशीन घ्यायचं, असं व्हर्लिन स्ट्राउडने ठरवलं त्याला नऊ वर्षं झाली. मोटर तीन हॉर्सपॉवरची की पाचची, पातं डावीकडे कलणारं की उजवीकडे, या काथ्याकुटात बस डेपोतली नोकरी संपली आणि गुडघेही गेले.

"नवरा निवडायला मला तीन आठवडे लागले," बायको लोरेटा म्हणायची. "तुला लोखंड निवडता येईना!"

शेवटी परवा जाहिरात वाचून तो कोल्बेबाईंच्या तळघरात उतरला. बाईंचा नवरा मागच्या वर्षी वारला होता. मशीन अगदी मनातलं, पाव टन वजनाचं. त्यावर चादर अंथरलेली आणि चादरीवर टॉवेलांच्या घड्या.

"फार वापरलंय का हो?"

"आमचे हे सात वर्षं निवडत होते," बाई म्हणाल्या. "चौघांनी खाली उतरवलं. एकच फळी कापली, ती बघा, साबणाच्या डब्याखाली. मग कंबरच धरली त्यांची."

व्हर्लिनने चादर सारून गार लोखंडावरून हात फिरवला. कुठे केसभरही उंचसखल नव्हतं. मग त्याने जिन्याकडे पाहिलं.

"नेताय ना?"

"मी नेलं तर तुम्ही घड्या कुठे घालणार?"

बाईंनी चादर परत सारखी केली. "तेही खरंच."

घरी लोरेटाने विचारलं, "काय, ठरलं का एकदाचं?"

"ठरलं," व्हर्लिन खुर्चीत टेकत म्हणाला. "कपडे वाळले असतील तर आण इकडे. घड्या घालतो."