हत्तुरे मॅडमचा माळ

दानेश्वरी हत्तुरे ही बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आता तुम्ही म्हणाल, प्रभाबाई, निवृत्तीला आलात, तुमच्यासारख्या ज्येष्ठ शिक्षिकेनं असं बोलावं का? बोलावं. खोटं गोड बोलण्यापेक्षा बरं.

ती यायच्या आधी आमच्या शाळेत जीवशास्त्राची मी एकटी धनीण होते. विजापूर रस्त्यानं पुढे गेलं की सोलापूर जिथं संपतं तिथं आमची शाळा. मागे शाळेच्याच मालकीचा भलामोठा माळ. दहावीला सजीवांचं जे काही असेल ते प्रभा मंगळवेढेकरनं शिकवायचं, हा रिवाज. आणि माझी अन्नसाखळी तर गाजलेली! रंगीत खडूंनी फळाभर काढायची मी. खाली गवत, गवतावर नाकतोडा, त्याच्यावर टपलेला बेडूक, बेडकामागे साप आणि वर कोपऱ्यात पंख पसरलेला गरुड. पुढच्या तासाच्या मास्तरांचा ते पुसायला हात धजायचा नाही. सात रस्त्याच्या चौकात भाजी घेत असले की एखादा टक्कल पडलेला बाप्या मध्येच पाया पडतो आणि म्हणतो, "बाई, तुमचा गरुड अजून डोळ्यापुढं आहे." एवढं माझं वैभव, आणि त्यात ही आली.

अक्कलकोटकडची. वडील शंकरप्पा, त्यांचं किराणा दुकान. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाई झाली की दोन्हीची भेळ. स्कूटीवरून यायची, अंगात उन्हाचा पांढरा कोट, तोंडाला स्कार्फ. स्कार्फ सोडला की आधी हसू बाहेर पडायचं. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती भाकरी मोडली की अख्ख्या स्टाफरूमला कळायचं, हत्तुरे मॅडम जेवायला बसल्या. चित्रकला म्हणाल तर शून्य. तिनं फळ्यावर काढलेला बेडूक मी या डोळ्यांनी पाहिलाय. बटाटेवड्याला पाय फुटले होते. मुलं खो खो हसली, तर ही त्यांच्यापेक्षा जास्त हसली. "बेडूकच आहे की रे, समजून घ्या जरा!" माझ्या वर्गात बेडकाला हसायची कुणाची छाती नव्हती.

नव्याचे नऊ दिवस, म्हटलं. दमेल. पण दमते कसली!

तिला नववी दिलेली. पर्यावरणाचा धडा आला तसा तिनं वर्गच बाहेर काढला. ऐन मार्चात! पोरांच्या हातात प्रयोगशाळेतले थर्मामीटर. एक पत्र्याच्या वर्गात टांगला, एक कडुनिंबाखाली, एक डांबरी रस्त्याच्या कडेला, एक माळावरच्या वाळल्या गवतात. तासातासानं पोरं पळत जायची आणि आकडे ओरडत यायची. मग म्हणाली, आता हेच घरी करून बघा. शहराच्या पूर्वभागातली यंत्रमागवाल्यांची पोरं मागाच्या खोलीत थर्मामीटर लावून बसली. "हवामान बदल म्हणजे लांबच्या बर्फावरचं अस्वल नाही रे," ती त्यांना सांगत होती, मी खिडकीबाहेर उभी होते म्हणून कळलं, "आई रात्री पदरानं वारा घालते की नाही तुला, तिथनं सुरू होतं ते."

मी हवामान बदल कसा शिकवायचे? कारणं, परिणाम, उपाय. लिहून घ्या, पाठ करा, पाच गुण कुठं जात नाहीत. उपायांत पहिला, झाडे लावा. झालं. माझ्या मुलांना पाचापैकी पाच मिळायचे. तिची मुलं प्रश्न विचारायची.

आणि मधल्या सुट्टीत घोळका तिच्याभोवती. पूर्वी तो माझ्याभोवती असायचा. मी पाण्याच्या टाकीपाशी उगाचच उभी राहायचे, कुणी येतंय का बघत. माझं पोट दुखायचं. याला मत्सर म्हणतात. मला मराठी येतं.

"अगं, मुलीच्या वयाची आहे ती," आमचे हे, एकनाथराव, म्हणाले.

"म्हणूनच!" मी म्हटलं.

तरी एक गोष्ट माझीच होती. वनमहोत्सव. तो मी सुरू केला, तो मी चालवला. नारळ, पाहुणे, हार, रोपं. त्यातली किती जगली असलं विचारू नका, सोलापूरच्या उन्हात माणूस जगतो हेच पुष्कळ. पण यंदा माझं शेवटचं वर्ष. संस्थेनं ठरवलं, मागचा माळ उगाच पडून आहे, त्याच्यावर अख्खं वन उभं करायचं, आणि बाईंचं नाव द्यायचं. प्रभावन! पाटीसुद्धा रंगवून घेतली मी. हिरवा पत्रा, पिवळी अक्षरं. दिवाणखान्यात दाराआड ठेवली होती. रोज केर काढताना बघायचे. मी गेल्यावर शाळेत माझं काय उरणार? गरुड तर रोज पुसला जातो. हे वन तेवढं उरणार होतं.

माळावर खड्ड्यांच्या जागी चुन्याची वर्तुळं पडली आणि दुसऱ्याच दिवशी दानेश्वरी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, एक बोलू का? रागवू नका हां. तो माळ पडीक नाही, बाई. कुसळी गवत आहे, चंडोल आहेत, सरडे आहेत, कोल्हा येतो पहाटे. गवताचा जीव सगळा खाली मुळांत. हवेतला कार्बन ते मातीत धरून ठेवतंय की. तिथं दाट झाडं लावली तर सावलीनं गवत मरतं, आणि गवतावरचं सगळंच जातं. झाडं दुसरीकडं लावू या ना आपण."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! "काल आलीस आणि मला शिकवतेस? झाडं लावायची नाहीत, असं सांगणारी जीवशास्त्राची बाई मी पहिल्यांदा बघते. उचलली जीभ लावली टाळ्याला! की माझ्या नावाचं वन तुझ्या डोळ्यांत खुपतंय?"

तिचा चेहरा उतरला. "तसं नाही हो बाई. तुम्हाला वाईट वाटत असेल तर राहू द्या." आणि गेली. मुख्याध्यापकांकडे गेली नाही, संस्थेकडे गेली नाही, स्टाफरूममध्ये चकार शब्द नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पण मला चैन पडेना. मुलं कुजबुजत होती, माळाकडे बोटं दाखवत होती. म्हटलं, एकदाच काय तो निकाल लागू दे. मुख्याध्यापकांना सांगून नववी-दहावी हॉलमध्ये एकत्र बसवली. वनमहोत्सवाच्या आधी पर्यावरणावर माझा जाहीर तास. हत्तुरे मॅडमनाही खास बसवून घेतलं, पहिल्या ओळीत. माझा गरुड तिनं बघायला नको होय!

असा फळा मी आयुष्यात रंगवला नसेल. हिरव्या खडूनं गवताचं एकेक पातं काढलं. नाकतोड्याच्या पायांना काटेसुद्धा. पोरं आ वासून बघत होती, आणि खरं सांगते, तीही बघत होती. मग मी दरवर्षीचा माझा प्रश्न टाकला. "या साखळीतली ही पहिलीच कडी, हे गवत, मी पुसून टाकलं तर काय होईल?"

अख्खा हॉल एका सुरात: "सगळी साखळी तुटेल!"

"शाब्बास!"

नववीतल्या ओवीनं हात वर केला. पुढच्या बाकावर बसणारी, दोन वेण्या घालणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर. "मग बाई, आपण माळावरचं गवत का पुसतोय?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. मी दानेश्वरीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराशी चाळा करत होती. म्हटलं, पढवून आणलीय ही. "कुणी शिकवलं गं तुला हे?"

ओवी गोंधळली. "तुम्हीच की, बाई. आत्ता."

मी खडू ठेवला आणि हॉलमधून निघाले ते तडक मागच्या माळावर. म्हटलं, बघू तरी, असं काय सोनं ठेवलंय तिथं! पातळाला कुसळं चिकटत होती, ऊन डोक्यात चढत होतं, आणि मी चुन्याची वर्तुळं तुडवत चालले होते. एवढ्यात एक टिटवी किंचाळत माझ्या डोक्यावरून गेली. वळली, परत आली, पार केसांना पंख लागतो की काय असं वाटलं.

"अय्यय्यो, बाई! पाय टाकू नका! आहे तिथंच थांबा!" दानेश्वरी मागून पळत येत होती, चपला हातात.

मी खाली पाहिलं. चुन्याच्या वर्तुळात, माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, टिटवीची अंडी. मातीच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. ना काडी ना कापूस, नुसत्या उघड्या जमिनीवर. इतकी वर्षं अन्नसाखळी शिकवली मी, पण माळावर घातलेली अंडी कधी पाहिली नव्हती.

"कालच दिसली, बाई," ती धापा टाकत म्हणाली. "सांगणार होते, पण तुम्हाला भ्याले."

मला भ्याली! त्या सगळ्या दिवसात माझ्या मनाला गारवा देणारं तेवढंच एक वाक्य.

मग ती म्हणाली, "असं करू या का? एवढा एक खड्डा जरा सरकवू. बाकी तुमचं वन होऊ दे, बाई. तुमचं शेवटचं वर्ष आहे."

बघा! माझ्यावर दया करत होती. स्वतःचं खरं असताना माझ्यासाठी सोडायला निघाली होती. टिटवी वर घिरट्या घालून घसा फोडत होती आणि मी तिथं उभी राहून जळत होते. हुशारी तिची, मुलं तिची, आणि आता मोठेपणाही हिलाच? तो तरी मी हिला एकटीला मिळू देणार नव्हते.

"एक खड्डा कशाला?" मी म्हटलं. "खड्डेच नकोत. गवत राहू दे."

तिचे डोळे भरले. माझेही भरले, पण ते पाटीसाठी.

मुख्याध्यापक कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो बाई, पाहुणे ठरलेत, रोपं आलीत! वनमहोत्सवात झाडं लावायची नाहीत म्हणता?"

"लावायची की. पत्र्याच्या वर्गांच्या पश्चिमेला कडुनिंब लावू. दुपारी पोरं भाजून निघतात तिथं. पाणी घालायला नळही जवळ." ही कल्पना त्या थर्मामीटरवालीची. मी तसं मुख्याध्यापकांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं, तेवढं पुरे.

राहिली पाटी. एकनाथराव म्हणाले, "पेंटरकडे ने. 'वन' खरडून 'माळ' लिहून देईल." आणि खरंच दिलं त्यानं. 'प्रभामाळ'. जागा कमी पडली म्हणून शेवटचा ळ कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. ती पाटी माळाच्या तोंडाशी रोवली. संस्थेचे लोक येतात, पाटी वाचतात, पलीकडे बघतात आणि विचारतात, "बाई, यात तुम्ही केलंत काय?"

काही केलं नाही, हेच केलं. पण हे कुणाला समजावून सांगायचं?

तर आता अंड्यांचं. ती फुटली की पिल्लं लगेच चालायला लागतात आणि गवतात अशी दडतात की शोधून सापडत नाहीत, हे दानेश्वरीनंच सांगितलं. म्हटलं, ठीक. वन गेलं, पोरं गेली, पण पिल्लं मी पहिली बघणार. रोज शाळा भरायच्या आधी रिक्षा करून यायला लागले. लांबून बघायचं, टिटवी बसलेली दिसली की परत फिरायचं. एकनाथराव म्हणाले, "देवळात तरी इतक्या नेमानं गेली नाहीस कधी."

त्या दिवशी नेमकी रिक्षा मिळायला वेळ लागला. फाटकातून आत येते तो ओवी समोरून पळत आली, पाटीला वळसा घालून. "बाई, बाई! हत्तुरे मॅडमच्या माळावर पिल्लं निघाली!"

"कुणाच्या माळावर?" मी पाटीकडे बोट केलं. "वाचता येतं ना?"

ओवीनं पाटी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. "हो बाई. तुमच्या पाटीच्या मागं, हत्तुरे मॅडमच्या माळावर."

मी पातळ वर खोचलं आणि पळाले. या गुडघ्यांनी! पोहोचले तर दानेश्वरी आधीच गवतात पालथी पडलेली, पांढऱ्या कोटाला माती लागलेली. माझी चाहूल लागली तशी मागे न बघता ती बाजूला सरकली आणि हातानं गवत दाबून माझ्यासाठी जागा केली.

मी तिच्या शेजारी पालथी पडले. पिल्लं दिसली. कापसाच्या बोंडाएवढी, पायांवर डुगडुगणारी.

"बघा की बाई," ती कुजबुजली, "तुमच्या माळावर."

सगळं दिलं तिनं मला. पण पिल्लं आधी तिनंच पाहिली. ते मी तिला कधीच माफ करणार नाही.