कडूबाचा सिंह तापत नाही

टेंभुर्णीत कुणालाही विचारा, कडूबा कुठं राहतो. माणूस आधी हसेल आणि मग विचारील, "कोणता? सिंहवाला का?"

हसण्यासारखं कडूबाच्या तोंडावर काही नव्हतं हो. मिशा बऱ्या, टोपी धुतलेली, बोलणं गोड. लोकांना हसू यायचं ते त्याच्या जीपचं. एके काळी ती टेंभुर्णी-जाफराबाद रस्त्यावरची काळीपिवळी होती. माणसं आत बसायची, टपावर बसायची, उरलेली मागं लटकायची. जुन्या इंजिनानं मान टाकली तेव्हा कडूबानं भंगारातून एका थोराड गाडीचं इंजिन आणून तिच्यात बसवलं. बसवलं म्हणजे कोंबलं. बॉनेटखाली बोट घालायला जागा उरली नाही. पुढं प्रवासी घटले, तेव्हा त्यानं जीपचा टप कापला, काच काढली, मागं चंदेरी सिंहासन ठोकलं आणि नाकावर फायबरचा एक भला मोठा सिंह बसवला. झाला लग्नाचा रथ तयार!

आता हा सिंह बसला कुठं, तर बराबर रेडिएटरच्या पुढ्यात, छाती काढून. म्हणजे आत वारा शिरायची जी एक वाट होती, तीच यानं अडवली. त्यात वरातीची चाल ती काय! बँडच्या मागं रांगायचं, चौक आला की उभं राहायचं आणि नवरदेवाच्या दोस्तांची हौस फिटेपर्यंत हलायचं नाही. लग्नंही सगळी भर उन्हाळ्यात. इंजिन तापणार नाही तर काय गारठणार? दुसरा चौक आला की सिंहाच्या आयाळीतून वाफा निघायच्या. पोरं टाळ्या पिटायची. त्यांना वाटायचं, रथात ही सोय मुद्दाम केलेली आहे.

पण गाडी तापते हे कडूबानं जन्मात कधी कबूल केलं नाही. कुणी विचारलंच, "तापली का काय?" तर बॉनेट उघडता उघडता म्हणायचा, "न्हाई न्हाई. जरा दम खाऊन राह्यली."

ही दम खायची सवय जुनी. जाफराबादच्या रस्त्यावर हापशापाशी एक कडुलिंब आहे. काळीपिवळीच्या दिवसांत जीप तिथं हटकून थांबायची. कडूबाची एकुलती एक लेक साधना तेव्हा त्याच जीपमधून शाळेत जायची. कडुलिंब दिसला की ती न सांगता खाली उडी मारायची आणि हापसून कॅन भरून आणायची. बाप रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा, लेक त्याला शाळेतल्या चहाड्या सांगायची आणि आतले प्रवासी दोघांच्या नावानं बोटं मोडायचे.

तर त्या साधनाचं लग्न ठरलं. मुलगा जाफराबादचा, सूरज नावाचा, सरकी-ढेपेचं दुकान असलेला. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी कडूबानं जाहीर केलं, "पाठवणी आपल्या रथातून!"

साधना म्हणाली, "मी न्हाई बसायची त्या केटलीत."

"केटली?" कडूबाचा आवाज चिरकला.

"मंग काय तर! सासरची माणसं मला घेऊन जातील का तुमचा रथ ढकलीत जातील? जन्मभर ऐकावं लागंल मला, बाबा."

कडूबानं बायकोकडं पाहिलं. पुष्पाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता लेकीची बाजू घेतली. "खोटं काय बोलली ती? मागच्या साली नवरदेव पायी गेल्ता मांडवात."

"त्याला चालायची हौस व्हती!"

शेवटी साधनानंच तोड काढली. "एक वरात कुठं वाफ न सोडता मांडवापर्यंत नेऊन दाखवा. मंग बसते."

कडूबाला हे फार लागलं. साऱ्या तालुक्याचे नवरदेव ज्या सिंहासनावर बसले, त्यावर बसायला पोटची पोर नाही म्हणते! जेवण गोड लागेना. तडक उठून तो तातेरावाच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला.

तातेराव त्याचा जुना दोस्त, म्हणजे सगळ्यात आधी हसणाऱ्यांतला. त्यानं रथाला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सिंह काढून टाक. बिना खर्च्याचं काम हाय."

"सिंह काढल्यावर काय राह्यलं? भाजीचा गाडा?"

"मंग त्याचं तोंड तरी उघड! वारा आत जाईल कुठून?"

ही गोष्ट कडूबाला पटली. तातेरावानं ग्राइंडर लावून सिंहाचा जबडा फाडला, आत जाळी बसवली आणि तिथून पत्र्याची नळी थेट रेडिएटरपर्यंत नेली. गार हवा तोंडातून शिरणार आणि इंजिनाला लागणार. कडूबा खूश.

पण आपल्या बायकांपुढं सिंहानं तोंड उघडायची सोय आहे का? पहिल्याच वरातीत नवरदेवाची मावशी ओवाळायला आली, तिनं नवरदेवाला पेढा भरवला आणि सिंहालाही भरवला. मावशीनं भरवला म्हणून आत्यानं भरवला. आत्याचं पाहून चुलत्यांकडच्या पुढं सरसावल्या. कुणी झेंडूचा हार कोंबला. चौकापर्यंत सिंहाचं तोंड गच्च भरलं आणि दुसऱ्या चौकात त्यानं सगळ्यांवर वाफ सोडली.

कडूबा हटला नाही. जाळीत पेढे अडकतात काय? मग जाळीच नको! त्यानं जाळी उपटली आणि तिच्या जागी घरातल्या जुन्या कूलरचा पंखा बसवला. वरातीतल्या दिव्यांचं जनरेटर मागं असतंच, त्याची वायर पुढं ओढली. पंखा असा जोरात हवा ओढायला लागला की समोर धरलेला रुमाल आत जायचा. रुमाल आत जातो तर आणखी काय काय जाईल, हा विचार मात्र ना कडूबाला शिवला, ना तातेरावाला.

पुढच्या वरातीत नवरीचा मामा सिंहासमोर वाकून नागीण करत होता. त्याच्या फेट्याचा शेमला सिंहाच्या तोंडात गेला. फेटा उलगडायला लागला तसा मामा जागच्या जागी गरागरा फिरायला लागला. लोकांना वाटलं, काय नाचतोय मामा! शिट्ट्या पडल्या, कुणी नोटा ओवाळल्या. अख्खा फेटा गिळून पंखा बंद पडला, मामा बोडका खाली बसला आणि सिंहानं ढेकर द्यावी तशी वाफ काढली.

दुसऱ्या दिवशी कडूबा घराबाहेर पडलाच नाही. बाहेर पोरं मामाची नक्कल करत फिरत होती. ती ऐकायला नको म्हणून त्यानं खिडकी लावली, दार लावलं आणि नव्या कूलरपुढं आडवा झाला. पण जीव थंड होईना. कूलर चालू, तरी अंग चिकचिकायला लागलं.

पुष्पाबाई आत आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "अवं, खिडकी कोण लावली? कूलर काय करील? आतली हवा बाहेर गेल्याबिगर बाहेरची आत येईल का?" तिनं खिडकी धाडकन उघडली.

कडूबा ताडकन उठून बसला. बायकोकडं बघतच राहिला.

"असं काय बघून राह्यले?"

"पुष्पे! सिंहाची खिडकी बंद हाय!" असं ओरडून तो अनवाणीच तातेरावाकडं पळाला. नवऱ्याला ऊन लागलं असं समजून पुष्पाबाई कांदा घेऊन त्याच्यामागं धावली.

आजवर दोघा दोस्तांनी हवा आत कोंबायचाच खटाटोप केला होता. ती बाहेर कुठून जाईल, हे पाहिलंच नव्हतं. तातेरावानं बॉनेटची मागची कड चार बोटं उचलून पट्ट्या ठोकल्या आणि दोन्ही बाजूंना फटी पाडल्या. पंख्यापुढं जाळी परत आली. पेढ्यांचा बंदोबस्त कडूबानं स्वतः केला. सिंहाच्या गळ्यात पाटी बांधली: 'सिंहाला उपवास आहे.' आता उपवास म्हटल्यावर कोणती मावशी पेढा भरवील?

एकच घोटाळा राहिला. इंजिनातली सगळी गरम हवा बॉनेटच्या मागून निघायची ती थेट कडूबाच्या तोंडावर. पुढं काच नाही. त्यानं ओला टॉवेल तोंडाला गुंडाळला, वर फक्त डोळे ठेवले आणि वरात काढली. पहिला चौक गेला. दुसरा गेला. तिसऱ्या चौकात दोस्तमंडळी नाचून नाचून थकली, पण सिंहाच्या नाकातून वाफेचा टिपूस नाही. मांडवाच्या दारात साधना बघत उभी होती. कडूबानं टॉवेल खाली ओढला. तोंड टोमॅटोसारखं लाल झालेलं.

"बसते, बाबा," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

लग्न झालं. पाठवणीला साधना सिंहासनावर बसली, शेजारी सूरज. पुष्पाबाईनं रडून गल्ली गोळा केली. कडूबानं मात्र टॉवेल भिजवला, तोंडाला बांधला आणि गाडी चालू केली. गरम हवेसाठी बांधला, असंच सगळ्यांना वाटलं.

गावाबाहेर पडल्यावर त्यानं इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडं पाहिलं. काटा खाली. पुन्हा पाहिलं. खालीच. आयुष्यभर तो ज्या काट्याच्या पाया पडत आला, त्याचाच आज त्याला भयंकर राग आला. आजच बरं शहाणपण सुचलं हिला! एरवी कुठंही थांबणारी बया आज वाऱ्यासारखी पळून राह्यली. अशी गेली तर जाफराबाद जल्दीच येईल. मग? मग मोकळं सिंहासन घेऊन माघारी यायचं.

कडुलिंब दिसायला लागला. गाडी थांबवायला कारणच नव्हतं. कडूबा पुढं निघणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा, थांबवा. तापली वाटतं."

सूरजनं पुढं वाकून पाहिलं. "काटा तर खालीच हाय की, मामा! बिलकुल तापली न्हाई."

साधनानं त्याला कोपरानं असं ढोसलं की त्याच्या मुंडावळ्या कानामागं गेल्या.

कडूबानं गाडी कडुलिंबाखाली घेतली. साधना शालू सावरत उतरली आणि सीटखालचा कॅन घेऊन हापशाकडं गेली. सूरज बिचारा हापसायला लागला. कडूबानं बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाणी काठोकाठ होतं. साधनानं कॅन आणून हातात दिला आणि तो ओतायला लागला. सगळं पाणी वरून वाहून सिंहाच्या छातीवरून खाली मातीत चाललं होतं. तरी तो ओततच राहिला आणि ती शेजारी उभी राहून बघत राहिली.

कॅन रिकामा झाला.

"अजून एक आणू का, बाबा?"

कडूबानं टॉवेल डोळ्यांपर्यंत वर ओढला.

"आण, बाई," तो म्हणाला. "लई तापलीय."