आईची दुसरी सही

शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला की मला रायपूरच्या कचहरीतलं ते पत्र्याचं शेड आठवतं. परदेशात बहिणीला सातवा महिना लागला होता आणि इकडे आईचा पासपोर्ट अडकल्याने व्हिसाचा अर्जही भरता येत नव्हता. शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं, आधार कार्डावर लग्नात बदललेलं. "शादी में सरनेम बदलता है, पहला नाम कौन बदलता है भैया?" टायपिंगवाला म्हणाला. आमच्यात बदलतात, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून, असं मी त्याला घाईघाईत सांगितलं आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. साडेबाराला पासपोर्ट ऑफिस गाठायचं होतं, मी सारखा मोबाइलमध्ये वेळ बघत होतो. नोटरीने आईला दोन्ही नावांनी सह्या करायला सांगितल्या. सासरचं नाव तिने नेहमीसारखं एकेक अक्षर जपत लिहिलं. माहेरचं मात्र एका झटक्यात, खाली शाळेतल्यासारखी रेघ ओढून. मग त्या नावाकडे बघत मला म्हणाली, "चाळीस वर्षांनी लिहून राहिली रे मी. अजून एक कागद दे ना मले." "काहून? एकच लागते," म्हणत मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. पुढे व्हिसा मिळाला, बाळंतपणाला ती वेळेवर पोचली. परवा मीच तिच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. "कुठं सही लागते?" तिने विचारलं, आणि एकेक अक्षर जपत सासरचं नाव लिहिलं.